माझ्या दहाव्याला घरच्यांनी जेवू नये

मी, रंगनाथ पुंजाराम गिरमकर, वय ७६, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, धंदा पूर्वी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता, पण पोटात किळस घेऊन लिहून ठेवतो.

१. स्वकमाईची चार एकर जमीन अंगद व ओम या माझ्या मुलांना निम्मी निम्मी. एकदा आमचं जहाज बिघडून पॅसिफिक महासागरातल्या रापानुई, म्हणजे ईस्टर बेटावर अडकलं होतं. तिथले लोक सांगत, त्यांचा पहिला राजा होतू मातुआ याने मरणापूर्वी मुलांना बेट वाटून दिलं, समुद्रापलीकडच्या जुन्या मुलखातला कोंबडा आरवलेला ऐकला आणि प्राण सोडला. पुढे त्याच्याच वंशजांनी एकमेकांच्या पूर्वजांचे दगडी पुतळे तोंडघशी पाडले. भाऊबंदकीला समुद्र आडवा येत नाही. सबब, बांधाचा दगड जो सरकवेल त्याचा हिस्सा दुसऱ्याचा.

२. माझी पातेली, झारे, सुऱ्या आचारी कानिफनाथ यास द्यावीत. ओमला दिल्यास तो भंगारात घालील.

३. माझी पत्नी झुंबरबाई हिच्या दहाव्याला फ्लेक्सवर पुढाऱ्यांची तोंडं मोठी आणि ती कोपऱ्यात होती. ओम बुंदीच्या ढिगाचा व्हिडिओ काढत होता. अंगद डोकं भादरून, पुन्हा बुंदी वाढून घेत पाहुण्यांना म्हणाला, "असं जेवान तालुक्यात कुनाच्या आईला मिळालं न्हाई." मी पानावरून उठलो. बुंदीचा वास अजून सोसत नाही.

बेटावर वाइहेरे नावाच्या बाईचा भाऊ वारला, तेव्हा रांधायला मी मदतीला गेलो होतो. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर मांस, रताळी, केळीची पानं, वरून माती. गावाला पोटभर वाढलं. मयताच्या घरचे मात्र त्यातला घास घेत नाहीत. मी पुढे केलेलं पान तिने बाजूला सारलं. म्हणाली, हे त्याचं जेवण, ते आमच्या घशाखाली कसं उतरेल?

तेव्हा माझ्या दहाव्याला माझ्या बचतीतून गावाला पिठलं-भाकरी घालावी. फ्लेक्स नको, भाषण नको. अंगद व ओम यांनी वाढावं, खरकटं काढावं आणि त्या अन्नाला तोंड लावू नये.

४. राहतं घर अंगदची पत्नी निकिता हिला. झुंबरबाई अंथरुणाला खिळली तेव्हा निकिताच तिला भरवायची आणि स्वतः ओट्यापाशी उभ्यानेच पातेलं खरवडून खायची. सासूच्या दहाव्याला सगळ्यांचं उरकल्यावर तिच्यासाठी काही उरलं नव्हतं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

बेटाचा नियम मी तिच्यापुरता मोडतो. माझ्या दहाव्याला निकिताने पहिल्या पंगतीत मांडी घालून बसावं. गरम भाकरी अंगदने आणून वाढावी. ती स्वतः पुरे म्हणेपर्यंत पंगत उठवू नये.

साक्षीदार:
कल्याण भानुदास राहिंज (सही)
रतनबाई सोपान लगड (डाव्या हाताचा अंगठा)

लिहून ठेवणार: रंगनाथ पुंजाराम गिरमकर (सही)
मुक्काम काष्टी, जिल्हा अहिल्यानगर
दिनांक १७ फेब्रुवारी २०२५