बटणाला बांधलेली चिठ्ठी

तीर्थरूप आईंना,

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही गेल्यावर वर्षभराने मी तुमच्या लेकाच्या दुकानात सायकल दुरुस्तीला नेली. विकायच्या प्रत्येक जुन्या सायकलीला तो दोष लिहिलेली चिठ्ठी बांधतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काल लग्नाची तारीख ठरवायला आला, तर शर्टाच्या बटणाला तशीच चिठ्ठी: 'डोक्यावर सहा लाखांचं कर्ज. अजून चार वर्षं. नीट बघून मगच घ्या.'

मी आधी हसले, मग भडकले. "इतके दिवस मूग गिळून बसलास? कशासाठी काढलंस?"

तो पुटपुटला, "आईच्या आजारपणात."

निम्मा हप्ता माझ्या पगारातून जाईल, म्हटलं. तर हट्टालाच पेटला, "माझ्या आईसाठी काढलं, मीच फेडणार."

मी म्हटलं, "लग्नानंतर त्या काय तुझ्या एकट्याच्या आई राहणार आहेत?"

मग बराच वेळ तो चिठ्ठीची गाठ सोडवत बसला. त्याला सुटेना, शेवटी मीच सोडवली.

हे पत्र कुठे टाकायचं, कळत नाही. पण तुम्हाला न विचारता 'आई' म्हटलंय, तेवढं चालवून घ्या.

तुमची होणारी सून