ओ द्यायची नाही

१२ फेब्रुवारी

आज नवऱ्याचं दहन केलं. म्हणजे त्याच्या चटईचं. तो स्वतः या घटकेला बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून घोरत असेल. बस हलली की झोपलाच तो!

शहर सोडून या जंगलात राहायला आलेली आमची सगळी टोळी गोल बसली होती. मास्तरांनी चटई निखाऱ्यांवर ठेवली. "सोडून गेला तो मेला. त्याचं नाव काढायचं नाही. हाक आली तर ओ द्यायची नाही." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. चटई दमट होती, जळता जळेना, नुसता धूर. डोळ्यांत धूर गेला म्हणून पाणी आलं, असं मी शेजारी बसलेल्या नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

१३ फेब्रुवारी

ठमी म्हणाली, "बाबा खरंच मेले?" लेकीशी खोटं कसं बोलू? आणि खरं तरी काय सांगू? मास्तर शेजारी दोर वळत बसले होते. म्हणाले, "खरंच, बाळा." ठमी "बरं" म्हणाली आणि खेळायला पळाली.

१७ फेब्रुवारी

राग राग होतोय. कुणावर ते कळत नाही.

नवरा गेला ते असं – सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. निरोप मीठवालीने आणला. ती पलीकडच्या डोंगरावरची. तिचे लोक या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आम्ही तिला मध देतो, ती मीठ देते. निरोप ऐकला आणि हा गोलात उभा राहिला. "आईला बघून येतो."

मास्तर म्हणाले, "बघून येतो असं इथं नसतं. जातो म्हण. आज तुझी आई, उद्या याची, परवा त्याची. ये-जा सुरू झाली की टोळी संपली, धर्मशाळा झाली. जुन्या टोळ्या उगाच टिकल्या का?" मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवलाय, इथल्या सगळ्या चालीरीती त्यांनीच वाचून बसवल्या. हा नियम झाला तेव्हा याने तर दोन्ही हात वर केले होते, हौसेने!

तरी गेला. मला "चल" म्हणाला नाही. मीही "थांब" म्हणाले नाही. मास्तरांचं मला पटत होतं, हीच तर खरी रड आहे.

२३ फेब्रुवारी

झोप येत नाही म्हणून दिवसभर अंग जड. डोळे मिटले की बाटल्या येतात. अजूनही!

काचेच्या कारखान्यात माझं काम एवढंच – पांढऱ्या दिव्यापुढून बाटल्या सरकत जायच्या, तडा गेलेली उचलायची. शेजारणीशी बोललं की एक निसटायची आणि मुकादम बोंबलायचा. हा भट्टीवर. माझी पाळी सुटायची तेव्हा याची लागायची. खोली एक, पलंग एक. मी आडवी व्हायचे तेव्हा अंथरूण याच्या अंगाने गरम असायचं. कित्येक दिवस तेवढीच भेट. ठमी झाली ते भिंतीपलीकडच्या बाईला बारशाचं वय उलटल्यावर कळलं. "अय्या, तुमच्याकडे बाळ आहे?" म्हणाली. तिचा तरी काय दोष!

इथं मला ताप आला तेव्हा सगळी टोळी आळीपाळीने उशाशी बसली. कुणी पाय चेपले, कुणी ठमीला जेवू घातलं. नर्सबाईंनी तर तिला कुशीतच घेतलं. भोंगा नाही, मुकादम नाही. कोणी एकटं जेवत नाही.

मला परत जायचं नाही. नीट लिहून ठेवते. मला परत जायचं नाही!

५ मार्च

तो आला.

तिन्हीसांजेला सगळे पानावर बसलो होतो. ओढ्यापलीकडून हाक आली. "अगं ए, ऐकलंस का?" नेहमीची. रानातून आल्यावर लांबूनच मारायचा, तीच.

सगळ्यांनी ऐकलं. सगळे जेवत राहिले. टोळीतल्या सुताराने आणखी कंद मागितले, भूक नसताना. मास्तरांनी गाणं सुरू केलं, मग सगळेच गाऊ लागले, जरा जास्तच मोठ्याने. मी पण गायले. घास तोंडातच होता.

६ मार्च

ठमी मुलांना सांगत होती, "काल माझ्या बाबांचं भूत आलं होतं. मी घाबरले नाही." किती ताठ्यात सांगत होती! मला तिला जवळ घ्यायचं होतं. घेतलं नाही. का, कुणास ठाऊक.

९ मार्च

रोज येतो. ओढा ओलांडत नाही. गुडघाभर पाणी, चार ढांगांत इकडे येईल. पण नाही येणार. मेल्या माणसाने ओ मिळाल्याशिवाय पाणी ओलांडायचं नाही, हाही नियमच. त्याने स्वतः कबूल केलेला. असला हट्टी माणूस! मेला तोही नियमाने मेला.

काय हवंय त्याला? सासूबाई बऱ्या आहेत का? मला न्यायला आलाय, की ठमीला? एक "ओ" म्हटलं की कळेल. आणि तेवढं म्हटलं की हे सगळं गेलं – ही माणसं, हा गोल, ठमीची ही तांबूस गुबगुबीत तब्येत.

नर्सबाई पाणी भरताना हळूच म्हणाल्या, "कानात कापूस घाल गं. मी घालते." म्हणजे त्यांनाही कुणीतरी हाका मारतं. कोण ते मी विचारलं नाही.

१४ मार्च

मीठवाली आली होती. न राहवून विचारलं, "तुमच्यात कोणी शहरात निघून गेलं, तर त्याचं काय करता?"

"काय करणार? माझे दोन्ही लेक तिकडेच आहेत. काचेच्या कारखान्यात."

"मग ते मेले असं धरता?"

ती हसत सुटली, पदर तोंडाला लावून. "मेले? सुट्टी लागली की येतात की! आले की आधी खायला मागतात." जाताना मागे वळून म्हणाली, "पलीकडं तुझा माणूस झाडाखाली पडलाय. खोकतोय लई. तुला माहीत आहे ना?"

हे मास्तरांना सांगितलं. ते काटक्या मोडत होते. म्हणाले, "तिचे लोक आता मोडलेत. आपण मोडायचं नाही." मोडलेल्याच काटक्या पुन्हा मोडू लागले. मास्तर वाईट नाहीत. मास्तर घाबरलेत.

१८ मार्च

आज हाक नीट आलीच नाही. नुसतं "अगं..." आणि खोकला.

१९ मार्च

आज काहीच नाही.

२० मार्च

आजही नाही. गेला असेल. कंटाळून गेला असेल, दुसरं काय.

आता तर त्याचा आवाज सगळीकडून ऐकू येतोय. ओढ्यातून येतो, जात्यातून येतो, ठमी घोटभर पाणी पिते त्यातून येतो. सुताराने लाकूड तासलं तर मी दचकून मागे बघितलं. टोळीतले सगळे खाली मान घालतात. मी भुताने झपाटलेली बाई झाले आहे, आणि भूत तिकडे झाडाखाली तापाने फणफणलं असेल! खरंच मेला तर? मग आम्ही ते कुणाला सांगणार? आमच्यात तर तो कधीच मेलाय.

२१ मार्च

ओ दिली.

दुपारी पाण्यापाशी उभी होते. हाक आली नव्हती, तरी दिली. जोरात. "ओ! आले!" मागे सगळ्यांचे हात थांबले. मी पाण्यात उतरले.

झाडाखालीच होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, अंग चटका बसेल इतकं गरम. मला बघून म्हणाला, "माझ्या वाटचं कोण जेवतं आता?" मेल्याला सुचतंय बघा! मी आधी हसले आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना.

"आई गेली," म्हणाला. "तुला सांगितल्याशिवाय कसा राहू? बाकी काही नव्हतं." एवढ्यासाठी इतके दिवस हाका मारत होता. न्यायला नव्हता आला. माझी सासू गेली हे मला कळावं म्हणून!

त्याला पाणी पाजलं, कपाळावर ओला पदर ठेवला. म्हटलं, ठमीला घेऊन येते, खाली दवाखान्यात जाऊ. बरा झालास की पुढचं बघू.

२२ मार्च

पुढचं काल लिहवलं नाही. आज लिहिते. वही कमरेला खोचलेली होती म्हणून वाचली.

परत गेले तेव्हा वाटलं होतं, मास्तर ओरडतील, भांडण होईल. भांडणाची तयारी करून गेले होते. कोणी ओरडलं नाही. कोणी बघितलंच नाही. माझी चटई निखाऱ्यांवर होती, निम्मी जळलेली. नर्सबाई रडत होत्या, जशी कुणीतरी गेल्यावर बाई रडते. मी समोर उभी राहिले, "अहो, मी इथं आहे!" म्हटलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. कापूस होता कानात.

ठमी त्यांच्या मागे होती. हाक मारली. ओ नाही. मी हात धरला आणि ती किंचाळली. लाडाने नाही, हट्टाने नाही – भुताने धरल्यावर लेकरू किंचाळेल तशी. अंग काकडलं होतं तिचं. "सोड! तू मेलीस! मेलीस तू!" पोटच्या पोरीला भीतीने थरथरताना बघितलं आणि माझा हात आपोआप सुटला.

रडत ओढा ओलांडला. याला सांगितलं. तो म्हणाला, "उचलून आणू." उठायला गेला आणि खाली बसला.

तिला कसं समजावू की मी जिवंत आहे? तिला जे सांगितलं ते आम्हीच तर सांगितलं.

२३ मार्च

दिवसभर हाका मारल्या. आता आवाज बसलाय. पलीकडे गाणं चालू होतं.

याचा ताप उतरत नाही. उद्या खाली न्यायलाच हवं. पण पोरीला इथं टाकून जाऊ कशी?

२४ मार्च

सकाळी ठमी ओढा ओलांडून आली. एकटी. परकर कमरेपर्यंत ओला, हाताला राख, केसांना धुराचा वास. पलीकडे धूर निघत होता. स्वतःची चटई स्वतःच जाळून आली होती.

समोर उभी राहिली. "आई," म्हणाली, "मी पण मेले. आता घे."