हातचा राखलेला सूर

६ जानेवारी

वरचा सूर गेला!

सर्दी नाही, घसा दुखत नाही. सकाळी बाथरूममध्ये नेहमीसारखी चढत गेले आणि शेवटच्या पायरीवर नुसती हवा. पुन्हा. पुन्हा. शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

नेमका याच वर्षी! या देशात आल्यापासून ऑपेराच्या कोरसात, तिसऱ्या रांगेत. कधी गावकरी, कधी मोलकरीण. यंदा पहिल्यांदा मुख्य गायिकेची बदली म्हणून नेमलंय. ती आजारी पडली तर मी. आणि तिच्या शेवटच्या गाण्याचा सगळा जीव त्या एका सुरात आहे.

९ जानेवारी

तालमीत निभावलं. तालमीला इथे कुणी पूर्ण गातच नाही. प्रयोगासाठी घसा जपायचा, म्हणून अर्ध्या आवाजात, वरच्या जागा खाली उतरवून गातात. हातचं राखून. मीही राखलं. फरक एवढाच, की माझ्या हाती काही उरलेलं नाही.

काडीवाला—हातातली काडी हलवून अख्ख्या वाद्यवृंदाला नाचवतो तो—सगळ्यांसमोर म्हणाला, "घसा कसा जपावा, हिच्याकडून शिका!" मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

१५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ. राईएवढी! "तीन महिने गाणं बंद. बोलणंही बेताचं." मी म्हटलं, बरं.

काय बरं? मार्चात करार संपतो. करार नाही तर इथे राहायचा परवाना नाही. मग बांधा गाशा आणि चालू लागा! परत जाऊन तरी काय करू? तिकडे मला ओळखतं कोण, आणि आवाज नसलेल्या गाणारणीला विचारतं कोण? भीती वाटते. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

१८ जानेवारी

रविवार, म्हणजे आईचा फोन. "आवाज असा का गं?"

"आत्ताच उठले."

"या वेळेला?"

"रविवार आहे ना."

"बरं, एक ओळ म्हण. भांडी लावता लावता ऐकते."

दर रविवारी म्हणते मी. शब्द तिला कळत नाहीत. 'केवढ्यांदा ओरडतेस गं बाई' म्हणते, आणि तरी पुढच्या रविवारी मागतेच. आज मी "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही" करत फोन ठेवून दिला. सख्ख्या आईला!

२३ जानेवारी

महाराणी खोकली!

महाराणी म्हणजे मुख्य गायिका. नाक कायम छताकडे, म्हणून मीच ठेवलेलं नाव. बदलीच्या बायका मुख्य बाईच्या सर्दीकडे डोळे लावून बसतात. आणि मी? माझा लोकरीचा मफलर तिच्या गळ्यात गुंडाळला, थर्मासातलं गरम पाणी पाजलं, खिडकी लावून घेतली. देवा, हिला ठणठणीत ठेव! ती बघतच राहिली. "तू फार चांगली आहेस गं," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. सर्दीचंच असणार.

२४ जानेवारी

आज खोकली नाही. हुश्श!

२८ जानेवारी

तालमीला पियानो वाजवणाऱ्या बाई—मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणते—आज त्या सुराशी येऊन थांबल्या. पियानोच्या पट्ट्यांवरची बोटं तशीच.

"एकदा तरी पूर्ण गा की."

"प्रयोगाला," मी म्हणाले.

"तू आणि ती मुख्य बाई, दोघी एकाच माळेचे मणी," पुटपुटल्या आणि पान उलटलं. रागावल्या असाव्यात.

३१ जानेवारी

व्यवस्थापकाचा फोन. उद्या पहिला प्रयोग, आणि महाराणीचा आवाज बसलाय! तिचे कपडे मला व्हायचे नाहीत, म्हणून रंगमंचावर तीच वावरणार, नुसते ओठ हलवणार. मी विंगेत उभी राहून गायचं.

"जमेल ना? का बाहेरून कुणाला बोलावू?"

"जमेल," म्हणाले. जीभ झडो माझी! तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण 'नाही' म्हटलं की 'का' आलंच. आणि वेड्यासारखं वाटतंय, ऐन वेळी येईलही. सकाळपासून वाफ घेतेय. तोंड सोलवटून निघालंय.

१ फेब्रुवारी

नाही आला.

पहिले दोन अंक उत्तम गेले. खरंच उत्तम! काडीवाला माझ्याकडे बघून हसलासुद्धा. विंगेत उभ्या उभ्या वाटलं, मीच ती. मग शेवटचं गाणं. चढत गेले, तोंड उघडलं—हवा.

रंगमंचावर तिनं आ वासलेला, विंगेत मी. आवाज कुणाचाच नाही. वाद्यं आपली पुढे गेली. वर गॅलरीत कुणीतरी हसलं.

नंतर मी चालले की लोक नुसते बाजूला व्हायचे. व्यवस्थापक म्हणाला, "उद्या अकराला भेटा." करार गेलाच म्हणायचा. आईचा फोन वाजून वाजून थांबला. काय सांगू तिला? कुठल्या तोंडानं परत जाऊ?

२ फेब्रुवारी

सकाळीच दार वाजलं. महाराणी! मफलर परत द्यायला आली होती. धुऊन, घडी घालून. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी.

"मला सर्दी नव्हती," म्हणाली. आवाज खणखणीत. "माझा वरचा सूर गेल्या वर्षीच गेलाय. तू तालमीत इतकं जपून गायचीस—वाटलं, हिच्याकडे तरी असेल."