माडीपर्यंतची तार

चिंचवड, ३ जुलै २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. शिवशंकर रोज संध्याकाळी माझा मोबाइल घेतात आणि कोणाशी काय बोलले ते तपासतात. तू बरी आहेस का विचारतेस तेव्हा ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून मी हो म्हणते. मी बरी नाही गं आई. त्यांनी दोनदा हात उचलला. आता नोकरी सोड म्हणून मागे लागलेत.

मला उमापूरला यायचंय, कायमचं. पण नोकरी सोडून नाही. ती गेली तर पुन्हा यांच्याच दारात उभं राहावं लागेल. आमच्या साहेबांनी घरून काम करायला होकार दिलाय, फक्त घरात फायबरचं नेट पाहिजे आणि महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. आपल्या माडीवर मोबाइलची रेंज येते नि जाते, त्यावर भागणार नाही. फायबर माडीवर घेता येईल का, बघ ना. अप्पांना मात्र खरं सांगू नकोस. जावई म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

उत्तर मंजुषाच्या पत्त्यावर टाक. ती माझ्याच ऑफिसात आहे.

तुझ्या मायेवरच सगळी भिस्त.
तुझी,
अपेक्षा

उमापूर, १० जुलै

चि. अपेक्षास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हात झडले मेल्याचे! आन मी खुळी त्याच्यासाठी दर खेपेला पुरन शिजवत बसले. आधी कावून न्हाई सांगितलंस गं?

खाली दुकानात क्यामेरे लावायचे तर नेट लागतं, असं सांगून तुझ्या अप्पांना राजी केलं. धुळाजी केबलवाला आला. तो म्हनला, भिंतीतल्या पायपातून जुनी टेलिफोनची तार माडीवर गेलेली हाय, तिच्याच टोकाला नवी बांधून ओढून घेऊ. पन जिन्याच्या वळनावर गाडी अडली. तिथं लाइटीच्या तारा कोंबून भरल्यात. ही नवी तार आतून काचेची, जोर केला का मोडती, असं म्हनून त्यानं हात टेकले. सरळ भिंतीला भोक पाडा म्हनला. झालं, अप्पा कडाडले! दिवाळीत रंग दिलाय, भिंतीला टाचनीबी टोचू देनार न्हाई, नेट दुकानापुरतं बास, असं म्हनून नेटचा डबा गल्ल्यामागंच ठोकून घेतला.

मी मोबाइल घेऊन माडीवर चढून पाहिलं, तिथं नेट पोचत न्हाई. दुकानात बसून काम करावं तर आख्ख्या गावाची उठबस तिथं. मग मीच अप्पांना म्हनले, पंचमीला लेक येईल, तिला चार दिवस कामाला लागंल, घ्या की वर. ते नुसते हसले. पन हसले म्हंजे वाट हाय. जेवत जा बाई, उपाशी राहू नको.

माया हायेच, तू धीर तेवढा धर.
तुझी आई

चिंचवड, १६ जुलै

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, काय करून बसलीस तू! अप्पांनी त्याच संध्याकाळी शिवशंकरला फोन लावला. मोठ्या कौतुकाने सांगितलं की उमापुरात नेट आलंय, अपेक्षाला पंचमीला पाठवा, इथून तिला नोकरीही करता येईल. अप्पांच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत नव्हतं का?

फोन ठेवल्यावर काय झालं ते लिहीत नाही. आता ऑफिसला ते स्वतः सोडतात आणि न्यायला खाली उभे असतात. पंचमीला जायचं नाही असं बजावलंय. राजीनाम्याचा मजकूरही त्यांनीच लिहून ठेवलाय, महिनाअखेरीला द्यायचा. मला राग तुझा नाही गं, पण आता तार माडीवर आली काय नि न आली काय.

लोभ होता तसाच ठेव. त्यापलीकडे काही मागत नाही.
तुझी,
अपेक्षा

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
उमापूर, २१ जुलै

चि. अपेक्षास,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढं टाकली. त्या दिवशी दुकान उघडलं न्हाई. जावयाला आनंद होईल म्हनून फोन केला मी, आन मार माझ्या लेकीला पडला. पन खरं सांगू का, अप्पांना सांगू नकोस हे तू लिहिलंस, ते लई लागलं. एवढा परका झालो का गं मी?

धुळाजीला बोलवून भिंतीला भोक पाडून घेतलं. रंगाचा टवका उडाला, उडू दे. तार माडीवर गेली. माडीवरची सरकी-पेंडीची पोती खाली आनली, दुकानात गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा न्हाई. तुझी आई वर खिडकीपाशी टेबल लावून बसलीय, उतरायला तयार न्हाई. साहेबांना आजच कळव.

पंचमीला लेकीला न्यायला भाऊ मुराळी म्हनून जातो. तुला भाऊ न्हाई, म्हनून दरसाल आपन फोनवरच भागवलं. औंदा मी मुराळी. रविवारी सकाळी दारात उभा राहीन, संगं तुझे दोन चुलते असतील. शिवशंकरला विचारायला न्हाई, तुला न्यायला येतोय. तुझे कागद आन कामाचं सामान तेवढं पिशवीत भरून ठेव.

सन झाला का मुराळ्यानंच लेकीला परत नेऊन घालायचं, अशी आपली रीत हाय. ती औंदा मी मोडनार.

बाकी सगळं माडीवर बसून बोलू.
तुझा,
अप्पा