मुकी जेवणं

मंगळवार, ५ मार्च

डब्यात भात, मसुराची डाळ, कोबी. सगळं संपवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आली आहे, संध्याकाळी काय खाता ते महिनाभर लिहून आणा. "आणि खरं लिहा हं, मला खूश करायला लिहू नका!" म्हणून ही वही. धाकटीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती. बाईंसाठी खाणं वेगळं उतरवून काढीन. इथे हात मोकळा सोडतो.

बुधवार, ६ मार्च

बटाटे, उकडलेलं अंडं, पाव.

या आठवड्यात सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा. पाण्याच्या प्लांटवर आठ वाजता डबे उघडतात. गाळणीच्या टाक्यांशेजारी बाकडं आहे, तिथे मी आणि फिटर बसतो. तो दोन घासांत चार गोष्टी सांगतो. मी ऐकतो. आज म्हणाला, "तुमच्यासोबत जेवणं म्हणजे फोटोसोबत जेवणं हो!" मी हात धुऊन झाल्यावर हसलो.

जेवताना बोलायचं नाही ही वडिलांची शिकवण. अन्न समोर आलं म्हणजे देव समोर आला, देवासमोर कुणी गप्पा छाटतं का, असं ते म्हणायचे. माझ्या संसारात चोवीस वर्षं हा नियम चालला आहे. हात जोडायचे, मग उठेपर्यंत शब्द नाही. मुली लहान असताना मीच त्यांना खुणा शिकवल्या — पाण्याला एक बोट, मिठाला चिमूट, भात हवा असला तर ताटाच्या कडेवर टकटक. पाहुणे बघत राहायचे. मला अभिमान वाटायचा. आमच्याकडे जेवण म्हणजे प्रार्थनाच, असं चार लोकांत बोलूनही दाखवलं आहे मी.

थोरलीची बदली झाली. चोवीसला निघायचं आहे. बसने चौदा तास! ऑफिसवाल्यांना दुसरं कुणी दिसलं नाही. तेवीस वर्षांची पोर. पण तोंडातून एक शब्द काढला नाही तिने. गुणी आहे.

गुरुवार, ७ मार्च

मोठ्या पंपाचं बेअरिंग गेलं. पुरवठा बंद. साहेब म्हणाले, निम्मे लोक घरी जा. पावणेआठला मी बिल्डिंगच्या जिन्यात होतो.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर वर कुणाकडे तरी हसण्याचा दंगा चाललेला. मला वाटलं शेजारच्या शिंप्याकडे पाहुणे आलेत. आणखी दहा पायऱ्या चढलो. शिंप्याच्या दाराला कुलूप होतं. हसणं आमच्या घरातून येत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. धाकटीचा आवाज — "अशी नाही गं चिमूट, अशी! मुंगी उचलून बाजूला ठेवतात तशी!" मग थोरली — "आणि घास? अठ्ठावीस वेळा चावतात बाबा. मी मोजलेत. एकोणतिसाव्याला घड्याळाकडे बघतात." मग ही हसली. इतकी, की तिला ठसका लागला. "पुरे गं कार्ट्यांनो, मरीन मी." चोवीस वर्षांत हिला असं हसताना मी ऐकलेलं नाही. मला क्षणभर कळलंच नाही कोण हसतंय.

पुढचं ऐकलं ते अधिक लागलं. चमचा पालथा ठेवला म्हणजे बाबांचा मूड गेलेला आहे. पेला डावीकडे सरकवला म्हणजे नंतर सांगते. भाजीच्या वाटीवर दोन बोटं म्हणजे आईला बरं नाही, तू भांडी घास. माझ्या नाकासमोर, माझ्याच ताटाशेजारी वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मी तीन खुणा शिकवल्या. त्यांनी त्यांची अख्खी भाषा केली.

आत जावं की परत खाली उतरावं? शेवटी मुद्दाम खोकलो. आत पातेल्याचं झाकण पडलं. मी दार ढकललं तेव्हा तिघी सरळ बसल्या होत्या, माना खाली. हिने चौथं ताट घेतलं. कोणती भाजी होती ते आता आठवत नाही. बाईंना काय लिहून देऊ?

शुक्रवार, ८ मार्च

भोपळा, भात. बाकड्यावर बसून चमचा उगाच पालथा ठेवून बघितला.

सोमवार, ११ मार्च

फर्स्ट शिफ्ट. संध्याकाळी घरी. भात, डाळ, फरसबी.

दिवसभर पॅनेलवरचे आकडे टिपताना ठरवलं होतं, आज बोलायचं. हात जोडले, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "तिकडचं ऑफिस राहत्या जागेपासून किती लांब आहे?"

तीन हात ताटात थांबले. धाकटीने आईकडे बघितलं. थोरलीने घास गिळला, पाठ ताठ केली. "चार किलोमीटर, बाबा."

"बस मिळते?"

"मिळते."

"वेळेवर?"

"हो, बाबा."

गावच्या शाळेत तपासणीस यायचे तेव्हा आम्ही असेच उभं राहून उत्तरं द्यायचो. विचारलं तेवढंच, आणि कधी एकदा पुढच्या बाकावर जातात याची वाट बघत. धाकटी तर आता आपला नंबर म्हणून तयारच बसली होती! मी मान खाली घातली. हिने कुणी मागितलं नसताना सगळ्यांना पाणी वाढलं.

बुधवार, १३ मार्च

टोमॅटोचं सूप, पाव, अंडी.

फिटरचा एक विनोद पाठ करून आलो होतो. सांगितला. तिघी हसल्या, तिघी एकदम, आणि एकदमच थांबल्या. हेडमास्तरांच्या विनोदाला वर्ग हसतो ना, तसं.

पेला डावीकडे सरकला. थोरलीचा. मी तो पाहिला हे तिला कळलं. तिने तो हळूच परत जागेवर आणला.

शनिवार, १६ मार्च

सुट्टी. कोबी, भात. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

रविवार, १७ मार्च

उद्यापासून पुन्हा सेकंड शिफ्ट. म्हणजे थोरलीचा शेवटचा आठवडा आणि मी संध्याकाळी टाक्यांवर! फर्स्ट शिफ्टच्या ऑपरेटरला गळ घातली. तो भला माणूस, लगेच म्हणाला, "माझी फर्स्ट तुम्ही घ्या, पोरीजवळ राहा."

सकाळी हिला सांगितलं. ही मटार सोलत होती. हात थांबले नाहीत.

"नका बदलून घेऊ."

"का?"

"पोरीचे शेवटचे दिवस आहेत घरातले. हसू दे तिला."

ही आणखी एक शेंग सोलून म्हणाली, "शनिवारी आहातच की तुम्ही."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर दोन शब्द मलाही बोलता आले असते. बाजारातून काही आणायचं असतं तेव्हा ही सांगते ना, त्या आवाजात बोलली. देवापुढे बसलो. डोळे मिटले आणि काय मागायचं ते आठवेना.

ऑपरेटरला नको म्हणून कळवलं.

मंगळवार, १९ मार्च

मटार-बटाटे, भात.

आठ वाजता घड्याळाकडे बघितलं. आता ताटं मांडली असतील. धाकटी कुणाची तरी नक्कल करत असेल — माझीच. करू दे.

मग फिटरला म्हटलं, "आमची थोरली रविवारी चालली." तोंडात घास होता. तो दचकला. "अहो, फोटो बोलला!" मला ठसका लागला, त्याने पाठीत दोन बुक्के घातले. इतक्या वर्षांनी जेवताना बोललो तर घशालाही ते परकं वाटलं.

तो म्हणाला, "आमच्याकडे उलटं. सगळे एकदम बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. तुमच्याकडे शांतता तरी आहे." मी म्हटलं, "आहे खरी."

गुरुवार, २१ मार्च

आई आली. नातीला निरोप द्यायला म्हणून धाकट्या भावाबरोबर गावाहून. त्र्याऐंशी वर्षांची आहे, पण जिना कुणाचा हात न धरता चढली. भाऊ सोडून लगेच परत गेला.

दुपारी कामावर निघण्याआधी तिला जेवायला वाढलं. ती जेवत होती आणि मी समोर बसून होतो. ती आपली बोलत होती — गावातलं कोण गेलं, कुणाची म्हैस व्याली. मी गप्प. मध्येच म्हणाली, "तुला अजून ती खोड आहे का रे?"

"खोड कसली, आई? बाबांची शिकवण. अन्न म्हणजे देव."

तिने घास खाली ठेवला.

"तुझ्या बापाला कसला आलाय देव! तुम्ही पाच भावंडं, आम्ही दोघं, आणि पातेलं एवढंसं. पहिल्या वाढीतच तळ दिसायचा. तुम्ही 'अजून दे' म्हणालात तर मी काय वाढणार होते? पाच तोंडं एकदम 'अजून' म्हणायला लागली की त्यांना ऐकवायचं नाही. उठून बाहेर जायचे. मग त्यांनी ही युक्ती काढली, देवासमोर बोलायचं नाही. पोरं गप्प बसली. पुढे दिवस पालटले तसं तेच पहिले बोलायला लागले जेवताना. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास."

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"बाकीची चारही बोलतात की रे," ती म्हणाली. "पोट भरल्यावरही गप्प राहिलास तो तू एकटा." आणि मग हात पुढे करून, "भात आहे का अजून?"

होता. पुष्कळ होता. मी वाढला.

कामावर आज एक नोंद चुकली. टाकी क्रमांक तीनचा आकडा दोनच्या रकान्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २२ मार्च

डबा तसाच परत आणला. हिने विचारलं नाही. भावाला फोन केला होता, जेवताना बोलता का तुम्ही? तो म्हणाला, "हे विचारायला फोन केलास?"

शनिवार, २३ मार्च

भात, डाळ, बटाटे, भोपळा, अंडी. थोरलीला आवडतं ते सगळं, एकत्र.

पाच जण. हात जोडून झाले आणि मी म्हटलं, "आज कुणी गप्प बसायचं नाही."

धाकटी म्हणाली, "हा हुकूम आहे का बाबा?" — आणि आई फिस्सकन हसली! मग ही. मग मी.

सांगितलं सगळं. पातेल्याचं, बाबांच्या युक्तीचं. जिन्यात उभा राहून ऐकलं तेही सांगितलं. धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, "चिमूट कशी ते दाखव." ती नको नको म्हणत उठली आणि दाखवली. अगदी तशीच! मी आहे तसा! आई म्हणाली, "हुबेहूब बापावर गेलाय मुडदा." तिचा बोलण्याचा रोख कुणावर होता, माझ्यावर की माझ्या बापावर, ते विचारलं नाही.

थोरली आधी ऐकतच होती. मग हळूहळू बोलायला लागली. तिच्या साहेबांना फोनवर बोलताना उभं राहायची सवय आहे. कॅन्टीनमध्ये एक बाई रोज दुसऱ्यांचे डबे चाखून मार्क देते. तिला इतकं बोलता येतं! आवाज हिच्यासारखा, हातवारे कुणाचे कोण जाणे. मध्येच म्हणाली, "तुमचे हसताना दात दिसतात बाबा. मला माहीतच नव्हतं."

भात गार झाला. मी अठ्ठावीसपर्यंत मोजलं नाही.

झोपण्याआधी देवाला म्हटलं, उशीर झाला, पण गाडी चुकली नाही. तुझे उपकार.

रविवार, २४ मार्च

सकाळी साडेसहाची बस. सामान वर चढवलं. थोरली खिडकीत बसली. काच बंद होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. तिने बोटाने काचेवर टकटक केली, भात मागायची खूण. हिने डोळ्याला पदर लावला. मी हसलो, दात दाखवून.

संध्याकाळी मसूर, भात. धाकटी बोलत होती, आई बोलत होती. ताई ताटावर असती तर, असं धाकटी दोनदा म्हणाली.

ऑफिसवाल्यांचा राग येतो. महिनाभर आधी जरी माझे डोळे उघडले असते, तर निदान महिनाभर तिला ऐकलं असतं. पण आता फोन आहे. सुट्टीला येईल. वर्ष-दीड वर्षात बदली परत मिळते म्हणतात. तेव्हा अर्ज मीच लिहून देईन. माझं अक्षर चांगलं आहे.

मंगळवार, २६ मार्च

संध्याकाळी थोरलीच्या ऑफिसातली मैत्रीण आली. टेबलाच्या खणात राहिलेल्या वस्तू घेऊन — पाण्याची बाटली, छत्री, एक डबा. आम्ही ताटं घेतच होतो.

म्हणाली, "मिळाली एकदाची तिला बदली! तीन वेळा अर्ज केला हो, काका. साहेब म्हणायचे, एवढ्या लांब कुणी जात नाही, तूच का मागतेस? तरी तिचं एकच. लांबचीच द्या."

हिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "हो, हो. बस ना, जेवून जा."

"नको काका. घरी सगळे जेवायचे थांबलेत."