'स्टर'चे सतरा अर्थ आणि भाऊजींचं भाषण

ती. ताईस,

नमस्कार. दरवेळी करतो तोच, पण या खेपेला जरा जास्त वाकून केला आहे असं समज. गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू दिवसातून दहादा तरी चढत असशील. (इकडे माझी कंबर आणि हिचा स्वभाव, दोन्हींत फरक नाही.) तुझी तब्येत विचारून झाली, आता भाऊजींची विचारतो, कारण ते स्वतः सांगत नाहीत. मी फोन केला की "देतो हं तिला" एवढं बोलून तुझ्या हातात देतात. सात आठवडे झाले. सात रविवार ते आमच्याकडे फिरकलेले नाहीत. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. पत्ते हिच्याशी खेळून पाहिले, पण ही हरली की डाव उधळते आणि जिंकली की आठवडाभर जिंकलेलीच असते. भाऊजी माझ्यावर रुसलेत, आणि ते परत यावेत म्हणून हे पत्र लिहितो आहे. त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे. आमच्या कोशाच्या कचेरीत प्रत्येकाला इंग्रजी अक्षरं वाटून दिली आहेत हे तुला ठाऊक आहेच. माझ्या वाट्याला 'एस' आलं. (ज्याला 'झेड' मिळालं तो तीन महिन्यांत मोकळा झाला आणि आता कचेरीतल्या कुंड्यांना पाणी घालतो.) या 'एस'मध्ये 'स्टर' नावाचा एक शब्द आहे. दिसायला अगदी गरीब. चहात साखर टाकून चमचा फिरवतो ना, ते 'स्टर'. मी म्हटलं, 'ढवळणे' एवढं लिहू आणि जेवायला जाऊ. कसलं जेवण आणि कसलं काय. झाडाचं पान हललं तरी 'स्टर', झोपलेल्या माणसाने कूस बदलली तरी 'स्टर', लोकांना चिथावलं तरी 'स्टर', दोघांत भांडण लावून दिलं तरी 'स्टर', त्यामुळे गल्लीत खळबळ उडाली तर तीही 'स्टर', आणि एखादं गाणं ऐकून काळजात कालवाकालव झाली तर तीसुद्धा 'स्टर'च. एवढ्यावर भागेना म्हणून की काय, तिकडे बोलीत तुरुंगालाही 'स्टर' म्हणतात. म्हणजे एखाद्याने लोकांना 'स्टर' केलं की त्याला 'स्टर'मध्ये टाकतात, आणि मग त्याला तिथून 'स्टर' होता येत नाही. मोजून सतरा अर्थ निघाले. चार महिने मी त्यात अडकून पडलो होतो.

आपल्याकडे सगळं उलटं. त्यांचं एका शब्दात भागतं, आपलं भागतच नाही. ढवळणं वेगळं, घुसळणं वेगळं, घोटणं वेगळं, फेटणं आणि कालवणं त्याहून वेगळं. नेमका फरक काय, ते विचारायला मी भाऊजींकडेच गेलो. एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काठी फिरवलेला माणूस घरात असताना पुस्तकं कशाला चाळायची? त्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि मला समजावून सांगितलं. काठी वरच्यावर फिरवली की रंग नुसता हलतो. तळाशी बसलेलं उठून वर आलं, तरच तो ढवळला म्हणायचा. तळ मोकळा झाला की नाही ते त्यांना डोळे मिटून, नुसत्या काठीच्या आवाजावरून कळायचं. मी ते शब्दन्‌शब्द कार्डावर उतरवून घेतलं आणि खाली सही मात्र माझी केली. (कचेरीत तशीच पद्धत आहे. पद्धत वाईट आहे.)

मग त्यांच्या निवृत्तीचा समारंभ आला. तू तेव्हा गुडघ्यासाठी इस्पितळात होतीस, त्यामुळे तुझ्या कानावर जे आलं ते इकडून तिकडून. कारखान्याचे बडे साहेब परदेशी, त्यांना आपली भाषा येत नाही. ते इंग्रजीत बोलणार आणि मी ते मराठीत सांगणार असं ठरलं. साहेबांनी आपलं भाषण आदल्या दिवशीच लिहून पाठवलं. ते उघडून पाहतो तर त्यात 'स्टर' तीन वेळा. साहेबांना शब्दांशी खेळायची हौस दिसते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साऱ्या शहरात या शब्दाचा एकच जाणकार असेल तर तो मी, असं त्या रात्री हिला तीनदा सांगितलं. (ही तिसऱ्या वेळी झोपलेली होती.) दुसऱ्या दिवशी कार्डांचा गठ्ठा खिशात घालून मी व्यासपीठावर जाऊन बसलो.

आधी भाऊजी बोलले. मग साहेब उठले. सुरुवात झकास झाली. एकतीस वर्षं यांनी आमचा रंग ढवळला, पण कारखान्यात कधी काड्या घातल्या नाहीत, हे मी असं सांगितलं की टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य होतं की यांनी आपली जागा कधी सोडली नाही. मी म्हणालो, हे एकतीस वर्षं जागचे हलले नाहीत. थोडी खसखस पिकली. ती मला दाद वाटली. आणि मग साहेबांनी कागद बाजूला ठेवला, चष्मा काढून पुसला, भाऊजींकडे पाहिलं, आणि कागदावर नसलेलं एक वाक्य बोलले. त्यात चौथा 'स्टर' होता. भाऊजींच्या भाषणाने आपण आतून हेलावून गेलो, असं त्यांना म्हणायचं होतं. माझ्याजवळ त्यासाठी सात शब्द तयार होते. 'मन हेलावणे' सगळ्यात वर होतं. पण मला वाटलं, आज भाऊजींचा दिवस, शब्दही त्यांच्या कामातलाच हवा. 'मन ढवळून निघणे' हे कार्ड मी मनातल्या मनात उचललं, आणि बोलताना घाईत त्यातलं मन गळलं, 'निघालं'चं 'आलं' झालं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, यांचं भाषण ऐकून साहेबांना ढवळून आलं.

पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून आणखी मोठ्याने सांगितलं, अगदी आतून ढवळून आलं. मग जो हशा उसळला तो थांबेचना. कँटीनवाल्या मावशी धावत पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि कुणीतरी मागून रंगाची रिकामी बादली पुढे सरकवली. साहेबांना वाटलं आपलं वाक्य फार रंगलं, ते वाकून वाकून आभार मानत होते. भाऊजी हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. ते सगळ्यांच्या नंतर हसले. आपल्या भाषणाच्या कागदाची चौघडी करून त्यांनी ती खिशात ठेवली.

ताई, मला फार वाईट वाटतं गं. मी अकरा वर्षांचा असताना तुमच्या त्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. घरात टेबल एकच. माझी परीक्षा जवळ आली की भाऊजी ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि पानं उलटताना आवाज झाला तर चालेल म्हणायचे, तेवढीच सोबत होते. मला पंडित म्हणायला त्यांनीच सुरुवात केली, तेही मी पंडित होण्याच्या किती तरी आधी. ज्या माणसाने जन्मात माइक हातात धरला नव्हता, त्याचं पहिलं आणि बहुधा शेवटचं भाषण मी उलटीत घातलं. आता कारखान्यात त्यांचं नाव निघालं की लोक पोटावर हात धरतात म्हणे. एकतीस वर्षांच्या कामाची आठवण म्हणून हेच मागे राहिलं, आणि ते माझ्यामुळे. चूक कबूल आहे. त्यांच्या पायावर डोकं ठेवायलाही तयार आहे, पण त्यासाठी ते समोर तर आले पाहिजेत.

औषधं वेळेवर घे. घरातल्या थोरामोठ्यांना, म्हणजे त्या एकट्यांनाच, माझा नमस्कार सांग.

तुझा वाह्यात भाऊ,
पंडित

ता. क. – आमच्या मुख्य संपादकांनी 'स्टर'ची नोंद परत पाठवली. 'मन हेलावणे'पुढे मी कंसात "येथे 'ढवळून येणे' कदापि वापरू नये" असं लिहिलं होतं. त्यांनी बाजूला लिहिलंय, कोशात वैयक्तिक दुःख नको.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, सगळं लिहिलंत, फक्त खरं तेवढं राहिलं. तर ते असं. भाऊजी ढवळण्यावरून रुसलेले नाहीत. त्या दिवशी बसमधून परत येताना ते स्वतःच त्यावर हसत होते. निदान कुणी झोपलं तरी नाही, म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी मला विचारलं, तुझ्याबद्दल बोललो ते आवडलं का रे? मी म्हटलं, हो तर, फार छान होतं. ते म्हणाले, कुठलं? आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ताई, ते बोलत होते तेव्हा मी मांडीवर कार्डं लावत होतो. साहेबांच्या तीन 'स्टर'साठी कुठे कुठला शब्द घ्यावा, ते बघत होतो. एक अक्षर ऐकलं नाही मी. समोरचे लोक डोळे पुसत होते, मला वाटलं रंगाचा वास झोंबतोय.

शेवटचं – ते भाषण त्यांनी इस्पितळात तुझ्या खाटेशी बसून लिहिलं, म्हणजे तुला ते पाठ असणार. माझ्याबद्दल काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळव, असं लिहिणार होतो. पण नको, कळवू नकोस, आणि तो कागदही पाठवू नकोस. त्यांना एवढंच सांग की मी ऐकलं नव्हतं, हे मी कबूल केलंय, आणि रविवारी मी ऐकायला येतो आहे. ते वाचतो म्हणाले तर समोर बसेन. नाही म्हणाले तरी बसेन. दार मात्र तू उघड.