पेट्रोलवर घेतलं ना?

३ जून, सोमवार
राकेलची नवी मोठी टाकी बसवली होडीला. दत्त्याशी तकरार. सख्खा धाकटा भाऊ, पण इंजिनाचं निघालं की सासऱ्यासारखा वागतो. म्हणे, "आक्का, एवढी टाकी भरून मागं ठिवली तर बूड बसंल, नाक वर येईल, इंजिन दुप्पट राकेल पिईल." म्हणलं पिऊ दे, कॅन वाहून वाहून माझा खांदा गेला. ठेवली मागं. पहिल्याच खेपेला होडी नाक वर करून चालली. पलीकडं उतरणारा एकजण म्हणतो, "मावशी, आभाळात नेती का?" समदे हसले. दत्त्या हसला न्हाई. टाकी मधी सरकवली, नळी लांब केली, झालं. होडी सुतासारखी पाणी कापाय लागली. राकेलबी कमी लागलं. त्याचं खरं निघालं म्हणून मला दिवसभर राग.

९ जून
उकाडा. धरणाचं पाणी लई मागं हटलं, घाटापासून चिखल. रहीमभाई शिलाईवाले आले होते. लेकीला, शबानाला, लातूरच्या डाक्टरकीच्या क्लासला घालायचंय. आता ज्याला त्याला लातूरच. इस्लापूरकडची लेकरंबी तिकडंच चालली. आधी परीक्षा घेतात, त्यात निघाली तर जागा. सतरा तारखेला, सोमवारी दुपारची परीक्षा. पलीकडून पहिली बस धरून नांदेड, तिथून लातूर. "आक्का, पहली नाव हमारी. चुकवू नका." म्हणलं, "माझी होडी कधी चुकली का?" पोरीला म्हणलं, डाक्टर झालीस तर माझा खांदा फुकट बघायचा. म्हणली, "आक्का, खांदा बघीन, तोंड न्हाई बंद करता येणार." चोंबडी हाय. आवडती मला.

१६ जून, रविवार
शेळी बेटावर अडकली. सकाळी चिखलातनं गेली असंल, वरच्या धरणातनं पाणी सोडलं आन मधी खोल झालं. बोंबलून राहिली. दत्त्या शेवटची खेप उरकून गावात दाढी कराय गेलेला. इंजिन नीट बंद करून गेला होता, म्हणून एका दोरीत चालू झालं. मी एकटीच जाऊन शेळी आणली. मी इंजिनाला हात लावलेला त्याला चालत न्हाई. त्याचं सोवळं लई. चालू करायचं पेट्रोलवर, मग राकेलवर घ्यायचं, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर घेऊन दम धरायचा, आतलं राकेल जळून जाऊ द्यायचं. दम कुणाला हाय? पेट्रोलची टाकी तांब्याएवढी, ते उगं कामून जाळायचं? राकेलवरच बंद केलं. शेळी हिसके देऊन राहिली होती. दत्त्याला सांगायचं न्हाई, खामखा बडबड करंल.

१७
सकाळची पहिली खेप.
शबाना नवा डिरेस घालून, डबा घेऊन बसली. दत्त्यानं दोरी ओढली. घुर्र, आन गप. परत. परत. वास आला. दत्त्याच्या आधी मला कळलं.
"राकेलवरच बंद झालंय," म्हणला. स्वतःशीच.
रहीमभाई म्हणले, "दत्ताभाऊ, कल किसने बंद किया?"
"म्याच की."
"फिर?"
दत्त्यानं माझ्याकडं बघितलं. संशयानं न्हाई. मला काय आठवतं का, म्हणून बघितलं. आन मी तोंड उघडलं तर त्यातून निघालं काय? "विसरला असंल. भूकंपापासून ह्याचं डोकं ठिकाणावर हाय का?"
घाट भरलेला होता. समद्यांनी ऐकलं. त्यानं मान खाली घातली, प्लग खोलाय बसला. प्लग पुसला, आतलं राकेल काढलं, चालू झालं तवर पलीकडं बसचा धुरळा दिसला. शबाना रडली न्हाई. डबा मांडीवर धरून बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

१८
रहीमभाई लातूरला फोन लावून आले. एकदा हुकली ती हुकली म्हणले तिथले. दिवाळीनंतर दुसरी परीक्षा हाय, तीबी जागा उरली तर. मी म्हणलं, माझी चूक. तर रहीमभाई म्हणतात, "तुमची काय चूक आक्का? आन दत्ताभाऊची तरी काय? बेचारा. उसपे जो गुजरी, दुसरा होता तर वेडाच झाला असता." भांडायला यायचं सोडून दया करून राहिले. आन तीबी भलत्या माणसावर.
मी 'माझी' म्हणलं ते होडी माझी म्हणून, असं त्यांना वाटलं. मी वाटू दिलं.

२१
दत्त्यानं राकेलाच्या चावीला लाल चिंधी बांधली. दर खेपेला बंद करायच्या आधी जवळच्या माणसाला विचारतो, "बघा हो, पेट्रोलवर घेतलं ना?" माणूस म्हणतो, घेतलं. मग बंद करतो. आज चाकूरकडचा एक पाव्हणा होता, त्याला काय ठावं. म्हणला, "मला विचारता? म्या तर सायकलबी चालवत न्हाई." दत्त्या म्हणला, "नुसतं बघा. हो म्हणा."
पोरं आता लांबूनच ओरडतात, दत्ताकाका, पेट्रोलवर घेतलं ना? मी एकाला चप्पल फेकून मारली. चप्पल पाण्यात गेली.

२४, सोमवार
भाकरी वाढली. खाईना. म्हणला, "आक्का, मला खरंच आठवतंय ग. चिंधी न्हवती तवा, पण चावी फिरवलेली हाताला आठवती. दम धरला. मग बंद केलं. हाताला आठवतं ते खोटं कसं?"
इथं सांगायचं. हीच जागा होती. मी म्हणलं, "होतं असं. जेव."
मग म्हणला, "मंग त्या रातीबी म्या काय विसरलो असंन का?"
भूकंपाच्या रातीला हा शेतात झोपाय गेला, बायको आन लेकरं घरात. तवापासून ह्यो छपराखाली झोपत न्हाई, होडीत अंथरूण टाकतो. इतकी वर्सं झाली, ती रात त्यानं कधी तोंडातून काढली न्हवती. म्हणला, "ती म्हणली असंल का, आम्हालाबी ने शेतात? आन म्या विसरलो?"
मी उठून भांडी घासाय गेले. घासलेलीच घासली.

२५
शेळीला इनाकारण मारलं.

२६
आज सांगितलं.
पलीकडून रिकामी होडी घेऊन येत होतो. मधल्या पाण्यात म्हणलं, दत्ता. दत्त्या न्हाई, दत्ता. त्याला इंजिनात ऐकू येईना. "थांब आक्का, आधी पेट्रोलवर घेतो, मग ऐकतो." चावी फिरवली. "बघितलंस ना?" म्हणलं बघितलं. मग त्यो दम धरून बसला, राकेल जळोस्तर. तेवढा येळ मला त्या दिवशी निघाला न्हवता. आज निघता निघंना. मग इंजिन गप झालं. पाणी नुसतं होडीला लागत होतं.
समदं सांगितलं. बेट, शेळी, राकेलवर बंद केलं ते, आन घाटावर तुझ्या नावानं बोलले ते.
त्यो ऐकत होता. मग हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणला, "लई माया करतीस आक्का. पर माझ्यापायी खोटं नको बोलूस."
"अरं खरं सांगते, मुडद्या!"
"तू कशाला शेळी आणाया जातीस इंजिनावर? तुला म्या मनाई केलेली. शेळ्या पव्हतात."
माझ्या लेकरांची आण घेतली. म्हणला, "आण नको घेऊ, खोट्याला लागती." माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. धाकटा भाऊ. आन एका दोरीत इंजिन चालू केलं.
घाटावर पोचलो तर न्हावी उभा होता. दत्त्यानं त्याला विचारलं, बघा हो, पेट्रोलवर घेतलं ना? न्हावी हो म्हणला, आन माझ्याकडं बघून कपाळावर बोट फिरवलं. मी त्याच्याकडं बघितलं, आन खाली बघितलं.

उद्या बाजार. पहिल्या खेपेला रहीमभाई येणार, गठ्ठे घेऊन शबानाबी येती. त्या दिवशीचे समदे असतील. बोलले तिथंच होते, तर बोलायचं तिथंच. पण दत्त्याच म्हणंल, आक्का माझ्यापायी खोटं बोलती, आन समदे माना हलवतील, बेचारा म्हणतील, आक्का लई मायाळू म्हणतील.
शेळीलाच घेऊन जावं घाटावर. तिच्याबिगर कुणी बघितलंच न्हाई.